अकरा दिवस न हरवलेलं खोरं

वेल्समध्ये जानेवारीचा दुसरा आठवडा म्हणजे वर्षातला सगळ्यांत मरगळलेला काळ. नाताळ होऊन गेलेला, एक जानेवारीच्या फटाक्यांचा धूर विरलेला, घराघरांतली नाताळची झाडं फुटपाथवर आडवी पडून कचऱ्याच्या गाडीची वाट बघत असलेली. सूर्य सकाळी आठनंतर डोकावतो आणि साडेचारला गाशा गुंडाळतो. पगार व्हायला अजून दोन आठवडे असतात. अशा दिवसांत पेम्ब्रोकशायर परगण्यातल्या एका खोऱ्यात मात्र सणाची गडबड चालू असते, कारण तिथे नवं वर्ष १३ जानेवारीला लागतं. बाकी जग १ तारखेला एकमेकांना शुभेच्छा देऊन मोकळं झालेलं असतं आणि ही मंडळी बारा दिवसांनी आपलं नवं वर्ष साजरं करतात. ही काही पर्यटकांसाठी काढलेली टूम नाही. या उशिराची मुळं पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका कायद्यात आहेत.

खोऱ्याचं नाव कुम ग्वाइन. वेल्श भाषेत 'कुम' म्हणजे अरुंद खोरं, आपल्या मावळातल्या खोऱ्यांसारखंच, आणि ग्वाइन ही नदी. ती प्रेसेलीच्या डोंगरात उगम पावते आणि फिशगार्ड या बंदराच्या गावापाशी समुद्राला मिळते. (इतिहासप्रेमींसाठी: १७९७ च्या फेब्रुवारीत फ्रेंचांची एक तुकडी फिशगार्डजवळच उतरली होती आणि दोन दिवसांत शरण आली. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरची ती शेवटची स्वारी.) हिमयुगातल्या बर्फाच्या वितळत्या पाण्याने हे खोरं कोरून काढलं. दोन्ही बाजूंना उभे उतार, त्यांवर ओकची जुनी झाडी आणि मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता. समोरून ट्रॅक्टर आला की आपण मुकाट्याने गाडी रिव्हर्समध्ये टाकायची, दुसरा इलाज नाही.

गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वेस, पार, देऊळ आणि एकमेकांना चिकटलेली घरं येतात. तसं इथे काही नाही. पॉन्टव्हाइन, म्हणजे 'दगडी पूल', हे त्यातल्या त्यात गावासारखं ठिकाण. तिथे पूल, चर्च आणि डफ्रिन आर्म्स नावाचं एक पब आहे. बाकी शेतकऱ्यांची घरं उतारांवर सुटी सुटी विखुरलेली. शेजाऱ्याकडे जायचं म्हणजे चिखलातून दहा-पंधरा मिनिटांची चाल.

या सणाला म्हणतात 'हेन गालान', म्हणजे जुना नववर्षदिन. सकाळी मुलं पिशव्या घेऊन निघतात, घरोघर जातात, दारात उभं राहून वेल्श भाषेतली नववर्षाची गाणी म्हणतात आणि घरातली मंडळी त्यांच्या पिशवीत खाऊ आणि नाणी टाकतात. या देण्याला 'कॅलेनिग' म्हणतात. 'गालान' आणि 'कॅलेनिग' दोन्ही शब्द रोमन लोकांच्या 'कॅलेंडी', म्हणजे महिन्याचा पहिला दिवस, यावरून आले. आपण भिंतीवर लावतो त्या कॅलेंडरचं मूळही तेच. संध्याकाळी घरोघर मोठं जेवण असतं आणि मग पबमध्ये किंवा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात.

माझ्या ऑफिसात या खोऱ्यातून आलेला एक सहकारी होता. दर वर्षी १३ जानेवारीची रजा तो डिसेंबरातच टाकून ठेवायचा. त्याच्या लहानपणी त्याची आई आदल्या रात्री सुटी नाणी मोजून दाराजवळच्या खिडकीत रचून ठेवायची. किती मुलं येणार हे तिला नेमकं माहीत असायचं, कारण खोऱ्यातलं प्रत्येक मूल कुठल्या घरचं, कितवं, हे तिला ठाऊक होतं. मला हे ऐकून गंमत वाटली होती. पुढे या सणाचा इतिहास वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की सगळी गोष्ट त्या मोजलेल्या नाण्यांतच आहे.

आता मूळ भानगड काय ते सांगतो. ज्यूलियस सीझरच्या कॅलेंडरात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरलेलं होतं. खरं ऋतुवर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण १२८ वर्षांत त्याचा एक अख्खा दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत कॅलेंडर दहा दिवस मागे पडलं होतं. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने दुरुस्ती केली आणि ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. पण इंग्लंड पडलं प्रोटेस्टंट, पोपचं गणित बरोबर असलं तरी ते ऐकायचं कसं? त्यांनी जवळजवळ पावणेदोनशे वर्षं चुकीचं कॅलेंडर चालवलं. शेवटी लॉर्ड चेस्टरफील्डने पुढाकार घेतला आणि पार्लमेंटने कायदा केला. १७५२ साली २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर ठरला. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. कायदा सगळ्या ब्रिटिश मुलुखाला लागू असल्यामुळे कंपनी सरकारच्या मुंबईतूनही ते अकरा दिवस गायब झाले.

पुष्कळ पुस्तकांत अशी कथा असते, की 'आमचे अकरा दिवस परत द्या' म्हणत लोकांनी दंगली केल्या. ही घोषणा हॉगार्थ या चित्रकाराच्या १७५५ च्या एका निवडणुकीवरच्या चित्रात आहे खरी. पण दंगली झाल्याचा भरवशाचा पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. लोक काही खुळे नव्हते, आपलं आयुष्य अकरा दिवसांनी कमी झालं असं त्यांना वाटलं नव्हतं. शिवाय कायदा करणाऱ्यांनी व्यवहाराचा विचार केला होता. भाडी, कर्जाच्या मुदती आणि करार जितक्या दिवसांचे होते तितके पूर्ण दिवस धरायचे, असं कायद्यातच लिहिलं होतं. गुरांच्या जत्रासुद्धा ऋतूप्रमाणे जुन्याच वेळी भरायच्या, फक्त त्यांची तारीख अकरा दिवसांनी पुढची.

खरा प्रश्न होता सणांचा. बकिंगहॅमशायरमधल्या क्वेन्टन गावात एक काटेरी झाड होतं. ग्लॅस्टनबरीच्या पवित्र झाडाच्या फांदीपासून ते वाढलं आणि नाताळच्या आदल्या रात्री ते फुलतं, अशी श्रद्धा. १७५२ च्या २४ डिसेंबरला, नव्या कॅलेंडरच्या पहिल्या नाताळच्या आदल्या रात्री, दोन हजारांवर लोक कंदील आणि मेणबत्त्या घेऊन झाडापाशी जमले. नवी तारीख खरी की खोटी, ते झाडालाच विचारायचं! झाड काही फुललं नाही. लोक घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नाताळ साजरा केला नाही. शेवटी आसपासच्या गावांतल्या पाद्र्यांनी जुना नाताळही, म्हणजे ५ जानेवारी, पूर्वीसारखाच पाळायचं ठरवलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ही हकिकत त्या वेळी छापून आली होती.

अशी जुन्या तारखांना चिकटून राहिलेली गावं तेव्हा ब्रिटनभर होती. मग ती एकेक करून गळाली. स्कॉटलंडच्या उत्तरेला फौला नावाचं छोटं बेट आहे, तिथे आजही नाताळ ६ जानेवारीला आणि नवं वर्ष १३ ला असतं. बर्गहेड या गावात ११ जानेवारीला डांबराने पेटवलेलं पिंप मिरवतात. आणि वेल्समध्ये उरलं ते कुम ग्वाइन.

हेच खोरं का उरलं? सोपं उत्तर म्हणजे ते आडबाजूला होतं. फिशगार्डला १८९९ मध्ये रेल्वे आली, १९०६ मध्ये मोठं बंदर सुरू झालं, पण रेल्वे या खोऱ्यात शिरली नाही. शिवाय भाषा वेल्श. ही कारणं खरीच आहेत. पण आडबाजूची आणि वेल्श बोलणारी खोरी इतरही पुष्कळ होती, त्यांनी जुनी तारीख सोडली. त्यामुळे मला वाटतं, सण कोणत्या प्रकारचा होता तेही बघायला हवं.

त्यासाठी जुन्या काळच्या शेतकऱ्याच्या घरात डोकवावं लागेल. उत्तर पेम्ब्रोकशायरमध्ये नाताळपासून पुढच्या बारा दिवसांना 'ग्विल्याय', म्हणजे सुट्ट्या, म्हणत. या दिवसांत शेतीची जड कामं बंद. नांगर घरात आणून जेवणाच्या टेबलाखाली ठेवायचे! गडीमाणसं वर्षाच्या कराराने मालकाच्या घरीच राहायची, तीही त्याच टेबलाशी बसायची. शेजारीपाजारी एकमेकांकडे जायचे, घरी केलेली बियर कोमट करून दिली जायची आणि पिण्याआधी थोडी टेबलाखालच्या नांगरावर शिंपडायची. काम थांबलंय, पण तुला विसरलेलो नाही, असं जणू नांगराला सांगायचं. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू न ठेवणाऱ्या आणि दसऱ्याला अवजारं पुजणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडणार नाही.

वेल्समधली बहुतेक साधी माणसं एकोणिसाव्या शतकात चर्च सोडून चॅपेलला जाऊ लागली होती. चॅपेलवाल्यांचा भर प्रार्थना आणि उपदेशावर, नाताळचा थाटमाट त्यांना फारसा रुचत नसे. त्यामुळे मुलांच्या दृष्टीने खाऊ आणि पैसे मिळण्याचा मोठा दिवस नववर्षाचाच. दक्षिण वेल्समध्ये याच दिवसांत 'मारी लुइड' निघायची. काठीवर घोड्याची कवटी, तिच्यावर पांढरी चादर आणि मागे गाणारं टोळकं. ते दारात उभं राहून गाण्यातून सवाल टाकायचं, घरातल्यांनी गाण्यातूनच जबाब द्यायचा आणि हरले की दार उघडून सगळ्यांना आत घ्यायचं. कलगी-तुऱ्याच्या सामन्यातला एक फड दाराच्या आत आणि एक बाहेर अशी कल्पना करा.

आता बघा, हे सगळे सण दारावरचे आहेत. एक बाहेर उभा राहून गाणारा आणि एक आतून दार उघडणारा. चर्चमधल्या सणाची तारीख पाद्री बदलू शकतो. जत्रेची तारीख पार्लमेंट बदलू शकतं. पण दारावरच्या सणाची तारीख कुणा एकाला बदलता येत नाही. समजा एखाद्या घराने ठरवलं, की आपण कायद्याप्रमाणे १ जानेवारीला नववर्ष करू. तर १ तारखेला त्यांच्या दारात कुणी येणार नाही आणि १३ तारखेला मुलं आली की खिडकीत नाणी नसतील. एकट्याने बदल करणारा दोन्हीकडून मूर्ख ठरतो. आमच्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर हे स्टँडर्डसारखं आहे. सगळे डावीकडून गाडी चालवत असतील तर मला एकट्याला 'सुधारणा' करून उजवीकडून चालवता येत नाही. बदलायचं तर सगळ्यांनी एकाच दिवशी. मोठ्या गावात माणसं येत-जात असतात, निम्मे लोक नवीन असतात, तिथे हा करार लवकर मोडतो. पंधरा-वीस घरं पिढ्यान् पिढ्या एकमेकांना ओळखत असतील तर तो टिकून राहतो.

हा जुन्या कॅलेंडरचा हट्ट नव्हे, याचा एक पुरावा तर तारखेतच आहे. १७५२ मध्ये फरक अकरा दिवसांचा होता, म्हणजे जुना १ जानेवारी नव्या १२ जानेवारीला यायचा. १८०० हे साल जुन्या कॅलेंडरात लीप वर्ष, नव्यात नाही, म्हणून फरक बारा दिवसांचा झाला आणि तारीख आली १३. पुढे १९०० मध्ये पुन्हा तेच घडलं, फरक तेरा दिवसांवर गेला. म्हणजे काटेकोर हिशेबाने आता जुनं नववर्ष १४ जानेवारीला यायला हवं. कुम ग्वाइनमध्ये ते १३ लाच राहिलं. फौला बेटाचंही तसंच. म्हणजे ही मंडळी आज ना पोपच्या कॅलेंडराने चालतात, ना सीझरच्या. ती चालतात आजोबांच्या तारखेने. आजोबांच्या लहानपणी मुलं १३ तारखेला दारात यायची, म्हणून १३.

आपली संक्रांत याच दिवसांतली असल्यामुळे ही तुलना मनात येतेच. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो संक्रांतीचा दिवस होता. आता संक्रांत १४ किंवा १५ ला येते. आपण नक्षत्रांशी प्रामाणिक राहिलो, म्हणून आपली तारीख सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. खोऱ्यातली मंडळी शेजाऱ्यांशी प्रामाणिक राहिली, म्हणून त्यांची तारीख जागची हलली नाही. दारात आलेल्या लहान मुलाच्या हातावर काहीतरी गोड ठेवायचं हे मात्र दोन्हीकडे सारखं.

आणि जुन्या कॅलेंडरचं म्हणाल तर आपणही त्यातून सुटलेलो नाही. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या, म्हणजे ज्यूलियन कॅलेंडरची आहे. समारंभाला हजर असलेला हेन्री ऑक्झिंडन इंग्रज होता आणि इंग्रज तेव्हा जुनंच कॅलेंडर पाळत. नव्या हिशेबाने तो दिवस १६ जून. तिथीप्रमाणे साजरं करायचं की तारखेप्रमाणे, हा वाद आपल्याकडे दर वर्षी रंगतो. मग तारीख कोणत्या कॅलेंडरची, हा तिसरा प्रश्न त्यात कुणी फारसा काढत नाही ते बरंच आहे!

याहून जवळचं उदाहरण कोकणातलं. रत्नागिरीकडची काही घराणी टिळक पंचांग पाळतात. त्यात राशिचक्राचा आरंभ वेगळ्या ठिकाणी धरलेला असल्यामुळे त्यांची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि अधिक महिना कधी कधी वेगळा पडतो. २०२३ साली त्यांचे गणपती २० ऑगस्टला बसले, बाकी महाराष्ट्राचे १९ सप्टेंबरला. शेजारच्या घरात मोदक होऊन महिना झाला तरी आपल्या घरची मूर्ती अजून कारखान्यातच! तरीही ही घरं टिळक पंचांग सोडत नाहीत. त्यांतल्या किती जणांना अयनांशाचं गणित येत असेल? सासऱ्यांनी असंच केलं, भावकीत असंच करतात, आरतीला येणारी माणसं त्याच दिवशी येतात. कुम ग्वाइनचं तर्कशास्त्र हेच.

एक मजेशीर गोष्ट अजून सांगायची राहिली. १ जानेवारी ही इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी सुट्टी झाली ती १९७४ मध्ये. म्हणजे खोऱ्याचं 'जुनं' नववर्ष ज्या नव्या नववर्षापुढे कायम मागासलेलं ठरवलं गेलं, त्याला साधी सुट्टी मिळायला कायद्यानंतर दोनशेवर वर्षं लागली.

आता धोका कुठून आहे? पार्लमेंटला या खोऱ्याशी काही देणंघेणं नाही, कुणी बंदी घालायला येत नाही. वेल्श भाषेची घसरण हे एक कारण. १८९१ च्या शिरगणतीत वेल्समधले निम्म्याहून जास्त लोक वेल्श बोलणारे होते, २०२१ मध्ये ते प्रमाण १७.८ टक्के होतं. गाणीच म्हणता आली नाहीत तर दारात उभं राहून करायचं काय? पण त्याहून मोठा प्रश्न दारामागच्या माणसांचा आहे. पेम्ब्रोकशायर सुंदर आहे, समुद्र जवळ आहे, त्यामुळे शहरातले पैसेवाले इथे सुट्टीसाठी घरं घेतात. ती ऑगस्टमध्ये गजबजतात आणि जानेवारीत बंद असतात. स्थानिक तरुण जोडप्यांना त्या किमती झेपत नाहीत. अशा दुसऱ्या घरांवर कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपली घरपट्टी, नेहमीच्या रकमेवर तीनशे टक्क्यांपर्यंत जादा लावायची मुभा वेल्स सरकारने एप्रिल २०२३ पासून नगरपालिकांना दिली आहे. पण कराने घर महाग करता येतं, १३ जानेवारीला त्याचं दार उघडायला माणूस बसवता येत नाही.

पॉन्टव्हाइनचं पब बेसी डेव्हिस नावाच्या बाईंनी सत्तरहून अधिक वर्षं चालवलं. पब कसलं, त्यांच्या घराची बाहेरची खोलीच ती. भिंतीतल्या एका खिडकीतून त्या जगातून ओतलेली बियर द्यायच्या. डिसेंबर २०२३ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी त्या गेल्या. हेन गालानच्या किती पिढ्या त्यांनी त्या खिडकीतून पाहिल्या असतील!

इथे आम्ही मराठी मंडळी दिवाळी जवळच्या शनिवारी करतो. हॉल त्या दिवशी मिळतो, मुलांना शाळा नसते. भारतातून फोन आला की कुणीतरी हमखास विचारतं, "अरे, पण आज तिथी कुठाय?" पूर्वी मी पंचांग, टाइम झोन, रजा वगैरे लांबलचक खुलासा करत असे. आता सांगतो, की आमच्या सगळ्यांची मिळून ठरलेली तिथी आज आहे. साठ माणसं एका दिवशी यायला कबूल झाली की तो दिवस सणाचा होतो, ही गोष्ट कुम ग्वाइनवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या सिद्ध करून दाखवली आहे.

पण त्याच खोऱ्याने दुसरीही बाजू दाखवली आहे. कोकणात वर्षभर कुलूप असलेली घरं गणपतीत उघडतात, चाकरमानी येतात, अंगण सारवलं जातं, आरत्या घुमतात. वेल्समध्ये सुट्टीचं घर उघडतं ते उन्हाळ्यात, आणि सणाला बंद असतं. म्हणून कोकणातल्या बंद घरांबद्दल आपण हळहळतो तेव्हा एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही, की अजून तरी आपल्याकडे घर सणाला उघडतं. कुम ग्वाइनमध्ये येत्या १३ जानेवारीलाही मुलं निघतील. किती दारं उघडतील ते खोऱ्यातल्या आया आदल्या रात्री नाणी मोजताना एकमेकींना विचारतीलच.